‘समजतं, पण मार्क पडत नाहीत’ म्हणणाऱ्या दहावीच्या मुलीला

प्रिय बाळा,

तुझी तक्रार वाचली. वर्गात शिकवलेलं समजतं, पुस्तक वाचताना कुठे अडत नाही, आणि तरी सहामाहीला विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी २३. कुठलं गाइड घेऊ, हा तुझा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. आधी तपासलेली उत्तरपत्रिका काढ आणि गेलेल्या १७ गुणांची वाटणी कर. किती गुण येतच नव्हतं म्हणून गेले? किती येत होतं पण अर्धवट लिहिलं म्हणून? आणि किती चिन्ह, एकक किंवा आकडेमोड चुकली म्हणून? पहिल्या ढिगाला पुस्तक पुन्हा वाचणं हा इलाज आहे. उरलेल्या दोन ढिगांना तो लागू पडत नाही, आणि तुझ्यासारख्या नीट वाचणाऱ्या मुलांचे गुण नेमके तिथेच गळतात. तिथे लागतो पडताळा: आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे उत्तरसूची न बघता ओळखता येणं.

भिंगांच्या धड्यापासून सुरुवात कर. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं हातातलं भिंग आण. दिवसा खिडकीपासून दूर, खोलीच्या आतल्या भिंतीपाशी उभी राहा, मागे पांढरा कागद धर आणि बाहेरच्या लांबच्या झाडाची स्पष्ट, उलटी प्रतिमा कागदावर पडेपर्यंत भिंग मागेपुढे कर. भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोज. हे झालं नाभीय अंतर. झाड खरंच लांबचं हवं. समज, नाभीय अंतर २० सेमी आहे आणि तू २ मीटरवरच्या दिव्यावर प्रयोग केलास, तर प्रतिमा २२.२ सेमीवर पडेल आणि तू तोच आकडा नाभीय अंतर म्हणून लिहिशील. सूर्यावर मात्र हा प्रयोग करू नकोस. कागद पेटतो, आणि भिंगातून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जातो.

आता संध्याकाळी खोलीत अंधार करून भिंगापासून ३० सेमीवर मेणबत्ती ठेव. प्रतिमा कुठे पडेल ते आधी वहीत काढ. सूत्र असं: १/प्रतिमा-अंतर वजा १/वस्तू-अंतर बरोबर १/नाभीय अंतर. चिन्ह संकेताप्रमाणे (भिंगाच्या ज्या बाजूला वस्तू असते त्या बाजूची अंतरं ऋण) वस्तू-अंतर −३० सेमी. म्हणून १/प्रतिमा-अंतर = १/२० − १/३० = १/६०, म्हणजे प्रतिमा ६० सेमीवर, दुप्पट मोठी आणि उलटी. मग कागद ६० सेमीवर धरून बघ. तुझ्या भिंगाचं नाभीय अंतर वेगळं निघेल, तेव्हा आकडे तुझे घाल. मेणबत्ती जळत खाली येते तशी कागदावरची ज्योत वर सरकत जाते. प्रतिमा उलटी असते म्हणजे काय, हे त्यावरून जितकं डोक्यात बसतं तितकं आकृती दहादा गिरवून बसत नाही.

या गणितात सर्रास होणारी चूक म्हणजे वस्तू-अंतराचं ऋण चिन्ह विसरणं. मग उत्तर येतं १२ सेमी. दिसायला ते छान पूर्णांकी असतं, म्हणून शंका येत नाही. पण बहिर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही, आणि १२ हे २० पेक्षा कमी आहे. उत्तराखाली रेघ मारण्याआधी एवढं बघितलंस तर चूक तिथेच सापडते. मेणबत्ती १५ सेमीवर आणलीस तर उत्तर −६० येईल. तेव्हा कागद कुठेही धरला तरी काही पडणार नाही, भिंगातूनच ज्योत मोठी आणि सुलटी दिसेल. उत्तरातल्या वजा चिन्हाचा अर्थ तोच, आभासी प्रतिमा.

विद्युतधारेच्या धड्याला पडताळा तुमच्या घरात भिंतीवर टांगलेला आहे. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरांवर ३२०० असतं, तुमच्यावरचा आकडा बघून घे. घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करून, फ्रीजसुद्धा, १००० वॅटची इस्त्री लाव. एक किलोवॅट म्हणजे तासाला एक युनिट, तासाला ३२०० लुकलुकी, मिनिटाला सुमारे ५३. पहिल्या मिनिटातच मोज, कारण इस्त्री तापली की तिचा थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो आणि दिवा थंडावतो. मीटरला, वायरींना हात लावायचा नाही, लांबून मोजायचं.

५३ ऐवजी ४४-४५ भरले तर मोजणी चुकली असं लगेच समजू नकोस. इस्त्रीवरचे १००० वॅट २३० व्होल्टसाठी असतात. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे संध्याकाळी दाब २१० व्होल्टवर उतरला तर तीच इस्त्री सुमारे ८३४ वॅटच घेते. शक्तीची तीन सूत्रं मुलं पाठ करतात आणि कुठलं कधी वापरायचं ते विसरतात. इथे इस्त्रीचा रोध जवळपास तोच आहे, बदललं आहे व्होल्टेज, म्हणून व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हेच सूत्र. बिलाच्या गणितात मिनिटांचे तास करायला विसरू नकोस. रोज २० मिनिटं, ३० दिवस, १००० वॅट म्हणजे १० युनिट. ६०० आलं तर मिनिटं तशीच राहिली आहेत.

उष्णतेत एकच गोष्ट सांभाळ: अवस्था बदलत असेल तर अप्रकट उष्मा (तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता) वेगळा मांडायचा. ३०° सेल्सिअसच्या २०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा २० ग्रॅम बर्फ टाकला, तर ८० कॅलरी प्रतिग्रॅम हिशेबात धरून तापमान २०° येतं. ते विसरलं तर २७.३° येतं. हे स्वयंपाकघरात करून बघता येतं, पण शाळेतून प्रयोगशाळेचा तापमापी माग. तापाचा तापमापी इतकं कमी तापमान दाखवत नाही. प्रत्यक्षात २०° पेक्षा थोडं जास्त येईल, कारण भांडंही उष्णता देतं आणि बर्फाला चिकटलेलं पाणी आधीच वितळलेलं असतं.

रसायनशास्त्रासाठी पानवाल्याकडचा चुना घे. हरभऱ्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळ, झाकून रात्रभर ठेव आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या पेल्यात काढ. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, जास्त घातला तर नुसता तळाशी बसतो. बोअरचं पाणी असेल तर ढवळताना ते जास्तच गढूळ होईल, कारण त्यातले क्षार चुन्याबरोबर साका तयार करतात. तोही रात्रीत खाली बसतो. निवळीत स्ट्रॉने फुंकर मार. ओढायचं नाही, आणि निवळी डोळ्यांत उडू द्यायची नाही. ती दुधाळ होईल: कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडपासून न विरघळणारं कॅल्शिअम कार्बोनेट झालं. फुंकतच राहिलीस तर विरघळणारं बायकार्बोनेट होऊन पाणी पुन्हा निवळायला हवं. श्वासाने बहुधा पुरतं निवळत नाही, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के असतो. निवळीत आधीच तेवढंच साधं पाणी मिसळलंस तर फरक दिसण्याची शक्यता वाढते. निवळी उघडी ठेवू नकोस, हवेतल्या वायूनेच तिच्यावर पांढरी साय धरते.

हीच दोन समीकरणं मग वहीत संतुलित कर. संतुलन करताना रेणूच्या पुढचा आकडा बदलायचा, रेणूच्या आतला कधीही नाही. पाण्यातला ऑक्सिजन एकाचा दोन केलास की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. सोडिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाचं उदाहरण घे. सोडिअम सल्फेटमध्ये सोडिअम दोन, म्हणून हायड्रॉक्साइडचे २ रेणू, मग पाण्याचेही २. शेवटी ऑक्सिजन मोज: दोन्हीकडे ६. ऑक्सिजन आणि हायड्रोजन शेवटी मोजायची सवय ठेव, कारण ते बहुधा एकापेक्षा जास्त पदार्थांत असतात.

‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात तू अर्धा-अर्धा गुण घालवतेस, तो असा. ‘तांब्याची कळकलेली भांडी लिंबाने का घासतात?’ तुझं उत्तर: ‘कारण लिंबात आम्ल असतं.’ खरं आहे, पण साखळीतली ही एकच कडी झाली. दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे भांड्यावर हिरवट कॉपर कार्बोनेटचा थर बसतो, लिंबातलं आम्ल तो विरघळवतं, थर धुऊन गेला की आतलं तांबं उघडं पडतं. तीन वाक्यं लिहिली की दोन गुण हातात.

भाग २ मध्ये आकृत्यांवर वेळ घाल. मागच्या इयत्तेतली हृदयाची आकृती आठव: ती समोरच्या माणसाची असते, त्यामुळे डावं निलय (हृदयाचा खालचा कप्पा) कागदाच्या उजवीकडे येतं. नावं देताना इथे निम्मा वर्ग घसरतो. पडताळा: जाड भिंत डाव्या निलयाची, कारण ते रक्त सगळ्या शरीरभर ढकलतं. सूत्री विभाजनाच्या (पेशी विभाजनाचा एक प्रकार) चार अवस्था पुस्तक मिटून काढ आणि गुणसूत्रं कुठे आहेत ते बघ. मध्यावस्थेत ती मधोमध रांगेत नसतील तर आकृती चुकली. पर्यावरण, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन हे धडे एका बैठकीत वाचून मुद्दे काढलेस तरी भागेल.

प्रयोगवहीबद्दल एक कडू बोलतो. भिंगाच्या पाच वाचनांतून पाचही वेळा नाभीय अंतर नेमकं १०.० आलेलं असेल, तर ती वही शेजाऱ्याची आहे हे परीक्षकाला पहिल्या पानावर कळतं. ९.७, १०.२ असंच येतं. प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत, आणि तिथे ‘कागद हलवला तर काय होईल?’ असं विचारलं की उतरवलेली वही मदतीला येत नाही.

गाइड घ्यायचंच तर जानेवारीत घे, सरावाच्या प्रश्नांसाठी. १२० मिनिटांत ४० गुण म्हणजे गुणामागे ३ मिनिटं, घड्याळ लावून लिही. आणि अकरावीला सायन्स घेणार असशील तर आत्तापासून वहीच्या मागे अपवर्तन-रिफ्रॅक्शन, मूलद्रव्य-एलिमेंट अशा जोड्या लिहीत जा. कॉलेजात पहिल्या महिन्यात मराठी माध्यमाची मुलं विषयात नाही, शब्दांत अडतात.

आता या आठवड्यात दोनच कामं: भिंगाचं नाभीय अंतर आणि मीटरच्या मिनिटाच्या लुकलुकी. दोन्ही तीन-तीनदा मोज, आलेले आकडे न सुधारता पाठव, आणि मीटरवर छापलेला आकडाही कळव. जुळत नसतील तर पुढच्या पत्रात त्यांचंच बघू.

अनेक आशीर्वाद.