फोटो काढायला काही सुचेनासं झालं तर प्रेरणा कुठे शोधावी?

तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला हौसेनं भरपूर फोटो काढले, आता कॅमेरा हातात घेतला तरी काही सुचत नाही. आणि जाता जाता हेही सांगितलंय की बागकामाची आणि गाणं ऐकायची आवड आहे, पण त्याचा फोटोग्राफीशी काय संबंध? माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे.

दुसऱ्यांचे चांगले फोटो बघून नजर तयार होते, पण नुसतं तेवढंच करत राहिलं की आपणही तेच सूर्यास्त आणि तीच धुक्यातली झाडं काढायला लागतो. ज्या गोष्टीचं आपल्याला आधीपासून वेड आहे तिथं मात्र सुचतं, कारण तिथं काय बघायचं हे आपल्याला ठाऊक असतं.

माझं वेड कोळ्यांचं. गोल जाळं विणणारा कोळी आधी मध्यापासून कडेपर्यंत सरळ धागे ताणतो, ते चिकट नसतात. मग त्यांवर एक विरळ, तात्पुरतं वेटोळं घालतो. त्यानंतर कडेकडून आत येत खरं चिकट वेटोळं विणतो आणि येता येता तात्पुरता धागा काढून टाकतो. हे माहीत असल्यावर जाळं नुसतं 'छान' दिसत नाही. दोन्ही वेटोळी एकाच वेळी दिसतील अशी अर्धवट अवस्था पकडावीशी वाटते. चिकट धाग्यावर बारीक थेंब ओळीनं बसलेले असतात, सरळ धाग्यावर नसतात. तो फरक एकाच चौकटीत यावा म्हणून जीव अडकतो. मग तंत्रही शिकून होतं, कारण त्यावाचून अडतं. ऑटोफोकस धागा सोडून मागच्या पानांवर जातो, म्हणून फोकस हातानं करायचा. उजेड जाळ्याच्या मागून तिरपा यावा आणि पार्श्वभूमी गडद असावी, तेव्हाच धागे उजळतात. जाळं बहुतेक सपाट असतं, त्यामुळे कॅमेरा त्याला समांतर धरला की कडेपर्यंत स्पष्ट येतं.

विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी. त्याला बर्फाच्या कणांचं वेड होतं. 1885 साली त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि आयुष्यभरात अशा 5000 हून जास्त कणांचे फोटो घेतले. विषय तोच, तरी कंटाळा नाही! जर्मनीचे कार्ल ब्लॉसफेल्ट कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना नक्षीकामासाठी झाडांचे आकार नीट दिसावेत म्हणून ते कोंब, देठ, बोंडं कितीतरी पट मोठी करून टिपायचे. 1928 मध्ये त्या फोटोंचं पुस्तक निघालं तेव्हा कुठे त्यांचं नाव झालं, वयाच्या साठीनंतर.

तुम्ही बाग करता, म्हणजे तुमच्याकडे तर खजिनाच आहे. वेलीचे तंतू बघा. तंतूच्या टोकाला आधार सापडला की तो स्प्रिंगसारखा गुंडाळायला लागतो आणि मध्येच कुठेतरी वळणाची दिशा उलटते. ती उलटण्याची जागा शोधा आणि तिचाच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच तंतूकडे जा.

गाण्याचंही तसंच. ज्याचा कान तयार आहे त्याला सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येणार हे आधीच कळतं, आणि गायकाचा चेहरा सर्वांत बोलका असतो तो बऱ्याचदा समेच्या किंचित आधी. नुसता तंत्रात तरबेज असलेला फोटोग्राफर तिथं उशिरा पोचतो. तुम्ही उशिरा पोचणार नाही.

बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी महागडी मॅक्रो लेन्स लगेच घेऊ नका. आहे त्याच कॅमेऱ्यानं महिनाभर एकाच वेलीचे फोटो काढा. नेमकं काय दिसत नाहीये हे तोवर तुमचं तुम्हालाच कळेल, मग लेन्सचा विचार करा.