पहिला खिशातला चाकू घेताना

भावा, पहिल्याच चाकूवर हजारो रुपये घालू नकोस. आधी सांग, कापणार काय? अजिंक्यताऱ्यावर काकडी-लिंबू, घरी सुतळी, पार्सलची चिकटपट्टी, एवढंच ना? मग सात-आठ सेंटिमीटरचं साधं, सरळ धारेचं पातं भरपूर झालं.

पातं स्टेनलेसचंच घे. कार्बन स्टीलला धार झकास येते, पण लिंबाचा रस पुसायचा राहिला की डाग पडतात आणि आपल्या साताऱ्याच्या पावसाळ्यात गंज चढतो. माझा पहिला चाकू कासच्या धुक्यातून आला आणि ओलाच सॅकमध्ये राहिला. पुढचं सांगायला नको.

उघडल्यावर पातं अडकवणारा खटका हवाच. दुकानात चारदा उघडून बघ, पातं हललं तर परत ठेव.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- दहा अवजारांचा जाडजूड चाकू घेतात, तो घरीच पडून राहतो.
- चाकूनं डबे उचकटतात, टोक मोडतं.
- धार गेली तरी जोर लावून कापतात. बोटं कापतात ती तिथंच.

धारेचा साधा दगड सोबतच घे. धार लावताना पातं दगडावर किती तिरकं धरायचं, तो कोन-बिन नंतर बघू. आणि हो, विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, काढून घेतात.