चाकांचे प्रश्न : बर्फातल्या क्वाडला टायर कुठले घालायचे?

प्रश्न : मुलगा कॅनडात एडमंटनला असतो. त्याने सेकंडहँड यामाहा रॅप्टर 700 घेतलीय, ती चार चाकांची, बाइकसारखं हँडल असलेली क्वाड. बर्फ पडल्यापासून गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते म्हणे. मागच्या टायरवर 20×10-9 आणि पुढच्यावर 21×7-10 असं लिहिलंय. डिसेंबरात मुंबईला येतोय तर म्हणतो, बाबा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाड बटणाचे (रबराचे उंचवटे असलेले) टायर बघून ठेवा, बॅगेत टाकून नेतो. त्याच्या आईने त्या बॅगेत भाजणीचं पीठ आणि लोणचं आधीच बुक केलंय. काय करू?
— एक बाबा, मुलुंड

उत्तर : बाबा, बॅगेतून पीठच जाऊ द्या, टायर नको. सीएसटी रोडला कारचं म्हणाल ते मिळेल, पण 9 इंची रिमचा क्वाडचा टायर मागितलात तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल आणि मग शेजारच्या दुकानदाराकडे. गंमत म्हणजे बीकेटी ही आपल्या मुंबईचीच कंपनी एटीव्हीचे, म्हणजे अशा क्वाडचे, टायर बनवते, पण तरीही माझं मत, टायर तिथेच घ्यावा, कारण ज्या बर्फात चालवायचाय तो बर्फ तिथल्या दुकानदाराने पाहिलेला असतो.

आणि टायर घ्यायच्याही आधी पोराला फोन करून विचारा, हवा किती आहे? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. कारमध्ये आपण 32 पीएसआय मारतो, ह्या स्पोर्ट क्वाडमध्ये जेमतेम 4 ते 5 असते. आता थंडीत हवा आकसते हे शाळेत शिकलोय आपण, पण हिशोब करून बघा, गॅरेजमध्ये 20 डिग्रीला साडेचार भरली आणि बाहेर उणे 20 मध्ये गाडी तासभर उभी ठेवली की टायरमध्ये उरते 2 च्या आसपास. कारचे 32 चे 26 होतात, गाडी जड वाटते पण चालते, इथे मात्र निम्म्याहून जास्त हवा गेली. थोडी कमी हवा बर्फात बरी, टायर पसरतो आणि पकडतो, पण 2 वर वळणात घसरली आणि काही टणक आडवं आलं तर टायर रिम सोडतो. म्हणून हवा बाहेरच्या थंडीत, गाडी थंड झाल्यावर मोजायची, आणि 0 ते 10 पीएसआय दाखवणारा छोटा गेज वेगळा घ्यायचा, पेट्रोल पंपावरच्या गेजवर 4 आणि 5 मधला फरक दिसतच नाही. आधी हे करायला सांगा, कदाचित निम्मा प्रश्न इथेच सुटेल.

उरलेला निम्मा टायरचाच आहे. ह्या गाड्यांना मूळचे टायर येतात ते सुक्या मातीतल्या रेसिंगसाठी, बारीक बारीक बटणं जवळजवळ बसवलेली. मी एकदा फेब्रुवारीत गुलमर्गला अशीच, फक्त मागच्या चाकांवर ओढणारी क्वाड भाड्याने घेतली होती. शंभर पावलं मस्त गेलो, मग थांबलो आणि मुंबईकराच्या सवयीने अजून रेस दिली. मागची चाकं खड्डा करून खाली गेली, मधला अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) बर्फावर टेकला आणि चाकं हवेत फिरल्यासारखी फिरायला लागली. उतरून टायर बघितला तर नक्षी गायब! बटणांच्या मधल्या सगळ्या खाचा बर्फाने ठासून भरलेल्या, गुळगुळीत पांढरा ड्रम झालेला. किल्लीने खरवडला तर खोबऱ्याच्या वडीसारखे चौकोनी तुकडे पडले. कोकणात पावसात शेतातून चालताना चपलेला चिखल लागून ती जड आणि निसरडी होते ना, तेच. शेवटी भाडेवाल्याच्या पोराने फावडं आणलं आणि तिघांनी मिळून गाडी मागे ओढली, पैसे वेगळे.

म्हणजे बटण नुसतं जाड असून भागत नाही, दोन बटणांत जागा हवी, चाक फिरताना बर्फ झटकला गेला पाहिजे. पण म्हणून थेट चिखलाचे खोल दात असलेले टायर घेऊ नका, ते बर्फ उकरतात आणि गाडी गाडून मोकळे होतात. मधलं काहीतरी घ्यायचं, मोकळ्या नक्षीचा, मऊ रबरचा ऑल-टेरेन. मऊ का, तर कडक रबर थंडीत आणखी कडक होतं, बर्फावर प्लास्टिकचा डबा सरकवल्यासारखं. मागे 20 ऐवजी 22 इंची बसला तर बघा, त्या आकड्यांत पहिला उंची, दुसरा रुंदी आणि शेवटचा रिम. उंची 2 इंच वाढली की अ‍ॅक्सल 1 इंच वर येतो, आणि ह्या गाडीचा अ‍ॅक्सल, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), ब्रेकची डिस्क सगळं खाली लोंबतं म्हणून तो 1 इंच सोन्याचा. पण गिअर साधारण 10 टक्के लांब होतो, म्हणजे इंजिनाला तेवढा जास्त जोर लागतो, तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं लावावं लागेल, आणि टायर कुठे घासत नाही ना हे आधी बघून घ्यावं लागेल.

सगळे मागचे टायर बदलतात आणि पुढचे तसेच ठेवतात, तिथे फसतात. ह्या गाडीला मागे डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, दोन्ही चाकं एकाच वेगाने ढकलतात, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळ निघते. मागे पकड वाढवली की हे अजून वाढतं! म्हणून बजेट कमी असेल तर पुढची जोडी आधी बदलेन मी, अरुंद 7 इंचीच, पण कडेला धारदार बटणं असलेली.

बर्फ कुठला हेही विचारा. ताजा पिठीसाखरेसारखा वीतभर असेल आणि खाली टणक जमीन असेल तर अरुंद टायर कापत खाली जातो, ते चांगलं. ट्रेलवर दाबून घट्ट झालेला असेल तर वर सांगितलेले टायर पुरेत. आणि चौपाटीवरच्या गोळेवाल्याच्या लादीसारखा निव्वळ बर्फ असेल तर कुठलंच रबर कामाचं नाही, तिथे स्टड, म्हणजे टायरवर बसवलेले धातूचे खिळे, लागतात. पण साध्या टायरला स्वतः स्क्रू ठोकू नकोस म्हणावं, ह्यांची जाडी कमी, लांब स्क्रू आरपार जाऊन हवा सोडतो, शिवाय मागची चाकं पायापासून वीतभर अंतरावर असतात आणि घसरलेल्या पायाला स्टडवाला टायर सोलून काढतो. वाळूचे पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे) तर नकोच, घट्ट बर्फावर ते नुसते फिरतात. आणि गुडघाभर बर्फ असेल तर ती जागा स्नोमोबिलची (चाकांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या बर्फातल्या गाडीची), टायरवर पैसे घालून उपयोग नाही.

प्रश्न : जानेवारीत ठाण्याहून आमची स्विफ्ट घेऊन मनालीला, जमलं तर अटल टनेलमधून सिस्सूला जायचंय. बर्फात पकडीसाठी टायरवर गुंडाळतात ती चेन मागच्या चाकांना लावायची ना? मिस्टर म्हणतात बाइकची ताकद मागे असते म्हणजे कारचीही मागेच.
— घोडबंदर रोड

उत्तर : मिस्टरांना सांगा, स्विफ्टला इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, तेव्हा चेन पुढे. आणि ती टनेलच्या तोंडाशी गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा उघडू नका, आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून काढून बघा, वॉचमन हसला तर हसू दे. टनेल 9 किलोमीटरचा आहे, आत बर्फ नसतो, डांबरावर चेन लावून गेलात तर चेनही तुटेल आणि टायरही खराब होईल. बर्फ संपला की काढायची, पुन्हा लागला की पुन्हा लावायची. जुनी सतरंजी गाडीत टाका, चेन लावताना गुडघे टेकायला लागते.