हस्ताक्षर चांगलं आहे, मराठी टायपिंग शिकायला किती दिवस लागतील? फोनेटिकवर शिकलं तर चालेल का?

लिपिक-टंकलेखक पदासाठी शिकत असाल तर सरळ इनस्क्रिप्ट धरा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी. फोनेटिकवर 'kiti' मारून 'किती' उमटवायची सवय लागली की नंतर ती मोडताना जीव जातो. माझा तरी गेला.

इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर-मात्रा आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत उजवीकडे प र क त च, आणि शिफ्ट दाबलं की प, क, त, च च्या बटणांवर फ, ख, थ, छ. शिवाय उच्चाराच्या क्रमानेच दाबायचं. जुन्या रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर मारावा लागायचा, इथे क आधी. हातानं लिहिणाऱ्याला हे बरं पडतं.

मी परभणीत शिकलो. सर बोटांवर रुमाल टाकायचे. पहिला आठवडा 'परत' सोडून काही येत नव्हतं, आणि लाईट गेली की तेवढीच सुट्टी! रोज एक तास दिला तर दोन-तीन महिन्यांत मिनिटाला तीस शब्द जमतात, हा माझा अनुभव. मराठी ३० चं प्रमाणपत्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेतून मिळतं. तिथे वेगाइतकीच शुद्धताही बघतात, म्हणून बॅकस्पेसची सवय लावू नका.

लिहिणं सोडू नका मात्र. नोट्स मी अजून वहीतच काढतो. टाईप केलेलं डोक्यात राहत नाही माझ्या.