ऑस्लो करार होऊनही इस्रायल आणि पॅलेस्टाईनमध्ये शांतता का टिकली नाही?

माझ्या मते मूळ दोष करारातच होता. 13 सप्टेंबर 1993 ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर हात मिळवले खरे, पण जेरुसलेम, पॅलेस्टिनी निर्वासित, व्याप्त जमिनीवरच्या ज्यू वसाहती, सीमा हे सगळे अवघड प्रश्न पुढे ढकलले होते. पाच वर्षांत विश्वास वाढेल, मग ते सोडवू, असा हिशोब होता. घडलं उलटंच.

फेब्रुवारी 1994 मध्ये हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत बारूख गोल्डस्टाइन या ज्यू कट्टरपंथीयाने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या. मग करारविरोधी पॅलेस्टिनी संघटना हमासचे आत्मघाती स्फोट इस्रायलच्या शहरांत सुरू झाले. नोव्हेंबर 1995 मध्ये राबिनना मारलं ते यिगाल अमीर या ज्यू तरुणानेच. पुढच्या वर्षी जेरुसलेमची 18 नंबरची बस लागोपाठ दोन रविवारी सकाळी स्फोटाने उडवली गेली. रोज त्याच बसने कामाला जाणाऱ्या माणसाला शांतता प्रक्रियेचं काय वाटलं असेल? मे महिन्यात कराराचे टीकाकार नेतान्याहू एक टक्क्याहूनही कमी फरकाने पंतप्रधान म्हणून निवडून आले.

दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी शेतकरी काय बघत होता? वाटाघाटी चालू असतानाच समोरच्या टेकडीवर ज्यू वसाहतींची नवी घरं उठत होती. ज्या जमिनीवर बोलणं चाललंय तीच रोज कमी होत असेल, तर कोण विश्वास ठेवेल? मला ही गोष्ट सर्वांत घातक वाटते.

जुलै 2000 मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडची बोलणी फसली, सप्टेंबरअखेर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला. जानेवारी 2001 मध्ये इजिप्तमधल्या ताबा इथे दोन्ही बाजू पुन्हा बसल्या, पण इस्रायलची निवडणूक तोंडावर होती आणि तिथले तेव्हाचे पंतप्रधान बराक ती हरले.