उद्योग-शंका : कास्टिंग नेमकं कुठल्या देशाचं?

प्रश्न : मेक्सिकोतल्या एका इंजिन कारखान्याला आमच्याकडून कच्ची सिलिंडर हेडं जातात. तिथं मशिनिंग होऊन इंजिन जुळतं आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीत बसतं. आता पार्टी म्हणते, ‘करारात तुमचा माल बाहेरचा धरतात, इंजिनामागं 20 डॉलर कमी करा.’ तिथं काम झाल्यावर तो माल तिथला होत नाही का?
— उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : नुसत्या मशिनिंगनं आपोआप होत नाही. ओतून निघालेलं हेड कच्चं असलं तरी ते हेडच; त्याचं दुसरं काही होणार नसतं. म्हणून त्याचा एचएस कोड, म्हणजे कस्टमचा मालाच्या वर्गवारीचा आकडा, साध्या ओतीव वस्तूंचा 7325 नव्हे, इंजिनाच्या भागांचा 8409. मशिनिंगनंतरही 8409च. कोड बदलणं ही माल तिथला झाल्याची एक खूण; तो बदलला नाही, की उरतो मूल्याचा हिशेब.

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा सध्याचा करार 1 जुलै 2020 पासून लागू आहे. करारातली शुल्कसवलत मिळायला आधीच्या नाफ्टा करारात मोटारीचा 62.5 टक्के भाग या तीन देशांतला असावा लागे; आता 75 टक्के. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी-चासी, अ‍ॅक्सल, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि वीजगाडीची मोठी बॅटरी या सात मुख्य भागांनाही हीच 75 टक्क्यांची अट आहे. निव्वळ खर्चातून बाहेरच्या मालाची किंमत वजा करायची आणि उरलेल्याला निव्वळ खर्चानं भागायचं, हे सूत्र.

आता पार्टीच्या 20 डॉलरकडे या. समजा इंजिनाचा निव्वळ खर्च 2,000 डॉलर आणि त्यात बाहेरचा माल, तुमचा धरून, 400. म्हणजे 80 टक्के तिथलं. इंजिन आधीच पास आहे. तुम्ही 20 कापले काय नि न कापले काय, मूळ देशाच्या दाखल्यात काही फरक पडत नाही. ती नुसती घासाघीस आहे, कराराचं नाव पुढे केलंय इतकंच.

बाहेरचा माल 520 असेल तर मात्र आकडा 74 येतो आणि इंजिन नापास होतं. पण तिथंही 20 पुरत नाहीत. तुमचा दर उतरला की खर्चाचा आकडाही उतरतो : 1,980 पैकी 1,480, म्हणजे 74.7. पंचाहत्तरी गाठायला 27 डॉलर लागतात. तेव्हा दर खाली आणण्याआधी पार्टीला एवढंच विचारा : सध्याची टक्केवारी किती आणि बाहेरचा एकूण माल किती? हे सांगत नसतील तर दर जागेवर ठेवा. शिवाय बिलात भाडं, विमा आणि पेटीखर्च वेगवेगळे दाखवा. उत्पादकाला ते बाहेरच्या मालाच्या किमतीतून वजा करता येतात. सगळं एकाच दरात कोंबलं तर त्याला ती सोय राहत नाही.

इंजिन एकदा पास झालं की मोटारीच्या हिशेबात ते पुरं 2,000 तिथलं धरायचं, की आतले 400 बाहेरचे म्हणून पुन्हा मोजायचे? अमेरिकेचं म्हणणं होतं, पुन्हा मोजायचे. मेक्सिको आणि कॅनडा तंट्यात गेले आणि जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालेला निकाल त्यांच्या बाजूनं लागला : पुरं धरायचं. मात्र 3 एप्रिल 2025 पासून अमेरिकेनं आयात मोटारींवर 25 टक्के जादा शुल्क बसवलं आणि करारात बसणाऱ्या मोटारीला ते अमेरिकेबाहेरच्या भागापुरतं ठेवलं. त्या शुल्कापुरता मेक्सिकोतला मालही बाहेरचाच.

प्रश्न : थायलंडला इंजिनाचे ओतीव भाग पाठवताना आसियान करारातला मूळ देशाचा दाखला मिळेल का? थोडा कच्चा माल आयातीचा आहे.
— मच्छे, ता. बेळगाव

उत्तर : बहुतेक मिळेल. दोन अटी आहेत : एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमान 35 टक्के मूल्य इथलं हवं आणि कोडचे पहिले सहा आकडे बदलायला हवेत. स्क्रॅप 7204, पिग (कच्चं बीड) 7201, माल 8409. दुसरी अट इथंच मिटली. पहिलीत अडकवतं ते स्क्रॅप. व्यापाऱ्याकडून घेतलेलं स्क्रॅप बंदरावरून आलं की गावातून, याचा कागद नसेल तर ते परकंच धरलं जातं. देशात गोळा झालेल्या मोडीचा तसा लेखी खुलासा बिलागणिक घेऊन ठेवा. कर्नाटकातल्याच कोप्पळकडचं पिग असेल तर प्रश्न नाही. भूतानचं फेरोसिलिकॉन मात्र आपल्या शेजारचं असलं तरी या करारात परकं. इनॉक्युलेशनला, म्हणजे ओतताना वितळलेल्या लोखंडात मिसळायला, ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास लागतं, त्यामुळं टक्केवारी हलत नाही, पण खर्चपत्रकात त्याची ओळ हवी. ती गाळली की तपासणीत बाकीच्या ओळींवरही शंका येते.

दाखल्याचा अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर करायचा. दाखल्यावरचा बिल क्रमांक, वजन आणि कोड शिपिंग बिलाशी अक्षरशः जुळले पाहिजेत.

प्रश्न : आमचं कास्टिंग कोल्हापूरला, शिरोलीत मशिनिंग होऊन परत येतं आणि मग निर्यात होतं. राज्याची हद्द ओलांडल्यानं मूळ देशाच्या दाखल्यात काही बदलतं का?
— निपाणी

उत्तर : काही नाही. देश एकच, त्यामुळं शिरोलीचं मशिनिंगही भारतीय मूल्यातच मिळवायचं. राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याची अडचण वेगळी आहे, ती जीएसटीची. परराज्यात जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागतंच, किंमत 50,000 रुपयांच्या खाली असली तरी. चलनावर नग आणि वजन दोन्ही लिहा, कारण मशिनिंगनंतर वजन घटतं आणि नुसत्या किलोवर चलन काढलं तर परतीचा हिशेब जुळत नाही. माल एका वर्षात परत यायला हवा. नाही आला तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं.