एकच मध्यस्थ, मग संतांना विनवणी कशाला?

ताई, तुमची अडचण समजली. माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. आणि संध्याकाळी रोझरीला, म्हणजे मरियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलं की १ तीमथ्य २:५ आठवतं, देव आणि माणसं यांच्यात ख्रिस्त हाच एक मध्यस्थ. मग मरियेला आणि संतांना का विनवायचं, असं तुम्ही विचारता. मी वसईचाच, कॅथलिक, बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण देतोय. त्यामुळे माझं माप थोडं आमच्याकडे झुकणार, हे धरून चला.

ते वचन आम्हालाही मान्यच आहे. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पौल म्हणतो, सगळ्यांसाठी विनंत्या करा, मध्यस्थी करा. तुम्हीही पाळकांना सांगताच ना, 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणून? त्यानं ख्रिस्ताचा मान कमी होत नाही. भांडण पुढे आहे: तो माणूस वारल्यावरही त्याला तसं सांगता येतं का? त्याला ऐकू जातं का? आम्ही प्रकटीकरण ५:८ काढतो, तिथे स्वर्गातले वडीलजन पवित्र जनांच्या प्रार्थना धुपाच्या वाट्यांतून कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, आणतात. प्रॉटेस्टंट म्हणतात, ठीक, पण त्यांना हाक मारा असं कुठे लिहिलंय? खरं सांगायचं तर तशी सरळ आज्ञा नाही. मेलेला यिर्मया संदेष्टा लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो तो २ मक्काबी १५ मध्ये, आणि ते पुस्तक आमच्या बायबलच्या ७३ पुस्तकांत आहे, तुमच्या ६६ मध्ये नाही. मग बोलणं तिथेच अडतं.

गंमत बघा, १५०५ साली वादळात सापडलेल्या तरुण ल्यूथरनं, म्हणजे पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्यानं, धावा केला तो संत अ‍ॅनाचा, मरियेच्या आईचा! पुढे १५३० मध्ये त्याच्या पक्षानं जर्मनीतल्या आउग्सबुर्गला मांडलं की संतांची आठवण ठेवावी, त्यांचा कित्ता गिरवावा, पण त्यांच्याकडे मदत मागावी असं शास्त्र शिकवत नाही. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं उलट सांगितलं: त्यांना विनवणं चांगलं आणि उपयोगी.

आमची संतांची नामावळी कधी नीट ऐका. देवाला म्हणतो 'आम्हांवर दया कर', संतांना म्हणतो 'आमच्यासाठी विनंती कर'. सगळा फरक त्या क्रियापदात आहे. व्यवहारात मात्र तो पुसला जातो, हे कबूल. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये मेणाचं घर किंवा मेणाचा पाय वाहणारे कितीतरी जण सरळ नवस फेडत असतात. त्यांच्या मनात विनंती कुणाला आणि कुणामार्फत, हा हिशेब नसतो. तिथे तुमच्या पाळकांची तक्रार मला पटते.

आता रोझरीचं. तिच्यात पुन्हा पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या 'नमो मरिये'चा पहिला भाग म्हणजे देवदूताचे आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचे शब्द, लूक १:२८ आणि १:४२. तो म्हणायला तुमची काहीच हरकत नसावी. मागणं सुरू होतं ते 'पवित्र मरिये'पासून. आणि पहिला भाग सांगणारा एकटा म्हणतो, दुसरा बाकीचे सगळे. तेव्हा सासूबाईंना म्हणा, आज रोझरी मी सांगते.